पुरावा आधी कोणी द्यायचा?

मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात लोकसभेत आप्रवास आणि परदेशी नागरिक विधेयकावर चर्चा झाली. त्या चर्चेतून लोकांपर्यंत पोचलं ते एकच वाक्य: हा देश म्हणजे धर्मशाळा नाही. गृहमंत्र्यांचं वाक्य टाळीचं होतं, त्याची रील्स झाली. विधेयक समितीकडे पाठवा ही विरोधकांची मागणी बाजूला पडली. २७ मार्चला लोकसभेत आणि २ एप्रिलला राज्यसभेत ते मंजूर झालं, १ सप्टेंबरपासून कायदा लागूही झाला. आता हा वाद नाशिकमध्ये कुठेही ऐका, गंगेवर म्हणजे गोदाकाठी ऐका, सातपूरच्या चहाच्या टपरीवर ऐका, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर वाचा. एक जण म्हणतो, घुसखोर वेचून काढा. दुसरा म्हणतो, हा सगळा खटाटोप मुसलमानांना छळायला आहे. पहिला दुसऱ्याला देशद्रोही ठरवतो, दुसरा पहिल्याला द्वेष्टा. ज्या प्रश्नाला दोघांनीही हात लावलेला नाही, तो मात्र कायद्याच्या मजकुरात निवांत बसलेला आहे.

एखादा माणूस परदेशी असल्याचा संशय आला, तर पुरावा कोणी द्यायचा? संशय घेणाऱ्याने, की ज्याच्यावर संशय आहे त्याने? माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. परदेशी माणसाला आत घ्यायचं की नाही, किती दिवस ठेवायचं, केव्हा परत पाठवायचं, हे ठरवण्याचा सरकारला पूर्ण अधिकार आहे आणि तो कडकपणे वापरला तरी माझी तक्रार नाही. पण 'हा माणूस परदेशी आहे' असं म्हणण्याला आधार काय, हे आधी सरकारने दाखवलं पाहिजे आणि लेखी दाखवलं पाहिजे. एवढी एक अट नसली, तर परदेशी माणसासाठी केलेला कायदा नागरिकांवर चालू लागतो. तोही सगळ्यांवर नाही, ठरावीक लोकांवरच. अल्पसंख्याकांच्या हक्कांचा प्रश्न उभा राहतो तो इथे.

धर्मशाळेचा दाखला निघालाच आहे, तर पंचवटीत राहणाऱ्याला त्यावर थोडं बोलू द्या. धर्मशाळेत कोणीही यावं आणि कितीही राहावं असं कधी नव्हतं. तिथे वही असते, नाव-गाव विचारणारा मुनीम असतो, ठरलेल्या दिवसांपलीकडे मुक्काम वाढवायचा तर परवानगी लागते. त्या मुनिमाइतकी शिस्त जरी सीमेवर आली तरी अर्धा प्रश्न सुटेल. पण मुनीम दारात आलेल्याला विचारतो. शेजारच्या वाड्यात शिरून, तीन पिढ्या तिथे राहणाऱ्या भाडेकरूला 'तू इथलाच कशावरून?' असं तो विचारत नाही.

समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. १९५५ साली हान्स मुलर या जर्मन माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की परदेशी व्यक्तीला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. संविधानानेही भेद केलेलाच आहे. भाषणाचं, देशभर फिरण्याचं, कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य देणारं एकोणिसावं कलम फक्त नागरिकांसाठी आहे. आसामी माणसाला आपल्याच भूमीत आपली भाषा अल्पसंख्य होण्याची भीती वाटते, तिला कोणी हसू नये. मुंबईत मराठी टक्का किती उरला यावर दर निवडणुकीत गळा काढणाऱ्या आपण तर नाहीच नाही. आणि माझ्या मताविरुद्धचा सगळ्यांत भक्कम मुद्दाही आसामातूनच येतो. १९८३ साली एक वेगळा कायदा झाला, तो प्रत्यक्षात केवळ आसामात लागू झाला. त्यात माणूस परदेशी आहे हे सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर आणि सरकारी यंत्रणेवर होता. परिणाम असा झाला, की घुसखोर शोधणं जवळजवळ थांबलं. आसामी नेते सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाचा तर्क साधा होता. माझा जन्म कुठे झाला, माझे आईबाप कोण, हे मला माहीत असतं. पोलिसांना ते कसं माहीत असणार? म्हणून ते सांगण्याची जबाबदारी माझी.

या तर्कात चूक नाही, तो अर्धा आहे. मला विचारलं तर मी सांगीन, हे ठीक. पण मलाच का विचारलं? १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात हा भार सरळसरळ त्या माणसावर टाकलेला होता. जुलै २०२४ मध्ये आसामातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हीच गाठ आली. एका माणसाला २०१२ मध्ये न्यायाधिकरणाने परदेशी ठरवलं होतं. न्यायालयाने विचारलं, की पोलिसांनी वाटेल त्याचं दार ठोठावावं, 'तू परदेशी असल्याचा आम्हाला संशय आहे' म्हणावं आणि पुढे हात झटकावेत, एवढा अधिकार या कलमाने दिलाय का? दिलेला नाही, असा निकाल लागला. हातात काहीतरी सामग्री हवी आणि ती त्या माणसाला दाखवायला हवी. नावाच्या स्पेलिंगमधल्या किंवा तारखांमधल्या किरकोळ तफावतीवरून कोणी परदेशी ठरत नाही. तो माणूस भारतीय ठरला. निकाल लागला तेव्हा तो हयात नव्हता.

आता पुढचं पाहा. या निकालानंतर अवघ्या आठ महिन्यांनी संसदेत नवा कायदा आला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे रद्द झाले आणि वसाहतवादी काळाचं ओझं उतरवल्याचा गाजावाजा झाला. पण १९४६ च्या कायद्यातलं सिद्धतेच्या भाराचं कलम, म्हणजे त्यातली सर्वांत वसाहतवादी तरतूद, नव्या कायद्यात जशीच्या तशी येऊन बसली. न्यायालयाने आठ महिन्यांपूर्वी घातलेली अट मात्र आली नाही. दोन ओळींचं काम होतं. त्या दोन ओळींनी एकही खरा घुसखोर सुटला नसता. मग त्या का घातल्या नाहीत? आणि विरोधी बाकांनी दुसरं काही न मागता त्या दोन ओळींसाठीच सभागृह का अडवून धरलं नाही?

'निर्दोष माणसाला कागद दाखवायला काय जातंय?' हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपल्या घरातले कागद काढून बघावेत. पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसांच्या जन्मतारखा विचारा, गावात निम्म्यांचा वाढदिवस १ जूनला निघेल. शाळेत नाव घालायला बापाने पोराला नेलं, तारीख कोणालाच ठाऊक नव्हती, गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते पाहिलं आणि १ जून ठोकून दिलं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर तर बाळंतपणं घरातच होत, नोंद करायला जायचं कोणी आणि कुठे? आईचं नाव रेशनकार्डावर सखुबाई, आधारवर सकुबाई, सातबाऱ्यावर सखू भ्रतार अमुक. आपण यावर हसतो, कारण आपल्याला कोणी विचारत नाही. बरं, यातला कुठला कागद नागरिकत्व सिद्ध करतो? ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर सांगितलं, की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायद्याने ते बरोबरच आहे. पासपोर्ट म्हणाल, तर देशभराचे पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापले जातात (फाळणीनंतर पाकिस्तानच्या पहिल्या नोटाही तिथेच छापून दिल्या होत्या), पण प्रेसच्या भिंतीला लागून राहणाऱ्या किती घरांत पासपोर्ट असेल?

कागद नसलेल्या माणसाशी सरकार कसं वागू शकतं, याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिलंय. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं तेव्हा कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यापुरती आणि मग राज्यभर. तहसील कचेऱ्यांतल्या रेकॉर्ड रूमची कुलपं उघडली. कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, पाहणीपत्रकं धूळ झटकून बाहेर आली. मोडी वाचणारी माणसं कमी पडली तेव्हा शोधून आणली. लाखो नोंदी निघाल्या. आरक्षणाच्या वादात मी इथे पडत नाही, तो लेख वेगळा. पण त्या मागणीमागचं तत्त्व पाहा: आमच्या हातात कागद नाही म्हणजे आम्ही खोटे, असं नव्हे, कागद तुमच्या कचेरीत आहे, तुम्ही शोधा. सरकारने ते मानलं आणि शोधलं. योग्यच केलं. ज्या समाजाकडे आमदार आहेत, साखर कारखाने आहेत, लाखोंनी रस्त्यावर उतरायची ताकद आहे, त्याच्यासाठी सरकार स्वतः शंभर वर्षांपूर्वीची कपाटं उपसतं. बंगालच्या मुर्शिदाबादहून आलेल्या गवंड्याने मात्र दोन पिढ्यांचे कागद खिशात घेऊन परांचीवर चढावं, ही अपेक्षा कुठल्या न्यायाची?

मालेगावचं प्रकरण याच जिल्ह्यातलं, म्हणून त्याला बगल देता येणार नाही. उशिराने नोंदवलेल्या जन्मदाखल्यांचा वाद तिथे उठला, बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले दिल्याचे आरोप झाले, जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं, महसूल खात्यातले अधिकारी निलंबित झाले. ज्याने पैसे घेऊन खोटा दाखला दिला त्याला तुरुंगात घाला, वर त्याची पेन्शनही थांबवा, मी विरोध करणार नाही. पण १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून माग घेऊन आलेल्या विणकरांचं ते गाव आहे. आजीचा जन्म घरातच झालेला, नोंद नाही. २०१९ नंतर कागद मागितले जाणार अशी चर्चा सुरू झाली आणि लोक दाखल्यांसाठी रांगा लावू लागले. आधी 'नोंद आढळून येत नाही' असा अनुपलब्धतेचा दाखला, मग प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, मग तहसील कचेरीत हेलपाटे. तर आता या रांगांकडेच बोट दाखवून विचारलं जातं, की एवढ्या लोकांना अचानक दाखले कशाला हवेत? कागद नसेल तर संशयित, काढायला गेलात तर जास्तच संशयित. अशा माणसाने करायचं तरी काय?

नागरिकत्व कोणाला, हा घोळ आजचा नाही आणि तो घातला त्यांत दोन मराठी माणसं ठळक होती, हे आपण विसरतो. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत ही कलमं आली तेव्हा बाबासाहेब आंबेडकर म्हणाले, की एक अपवाद सोडला तर दुसऱ्या कुठल्याही कलमाने मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दिलेली नाही. विदर्भाच्या पंजाबराव देशमुखांना तो मसुदा मुळीच पटला नव्हता. नागरिकत्व इतकं स्वस्त करू नका, म्हणाले, वाटेत मुंबईला काही तास थांबलेल्या बाईला इथे मूल झालं तर ते मूल भारताचं नागरिक होणार का? आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली, की जगात कुठेही राहणारा हिंदू किंवा शीख, जो दुसऱ्या देशाचा नागरिक नाही, त्याला भारताचं नागरिकत्व मिळावं. दुरुस्ती फेटाळली गेली. देशमुखांची पहिली चिंता मात्र वाया गेली नाही. १९८६ च्या दुरुस्तीने नुसता इथला जन्म पुरेसा राहिला नाही, आईबापांपैकी एक भारतीय हवा झाला. २००३ च्या दुरुस्तीने पुढची अट आली, की दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे 'नागरिकत्व स्वस्त करू नका' हे म्हणणं देशाने टप्प्याटप्प्याने स्वीकारलं आणि त्यात धर्म आणावा लागला नाही. त्यांची दुसरी मागणी सत्तर वर्षांनी, २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात (सीएए), वेगळ्या रूपात आली. तीन शेजारी देशांतल्या पीडित हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांना जवळ करण्यात वाईट काय, असं विचारतात. जवळ करण्यात काहीच वाईट नाही. पण छळ हाच निकष असेल, तर पाकिस्तानातला अहमदिया आणि श्रीलंकेतला तमिळ कुठल्या कारणाने बाहेर राहिला? यावर बोलून बोलून सगळे थकलेत, म्हणून पुढे जातो.

'बांगलादेशातून येणारा बंगालीच बोलणार, मग पोलिसांनी काय कानडी बोलणाऱ्याला तपासायचं?' असा रोकडा सवाल केला जातो, आणि तो रास्त आहे. नाशिकमध्येही बांधकामांच्या साइटवर बांगलादेशी पकडल्याच्या बातम्या आल्या आहेत. भाषेवरून चौकशी सुरू व्हायला माझी हरकत नाही. ती भाषेवरच संपू नये, एवढंच. मे २०२५ मध्ये केंद्राने राज्यांना संशयितांची पडताळणी करायला ३० दिवसांची मुदत घालून दिली. जूनमध्ये मीरा रोडवरून उचललेले पश्चिम बंगालचे मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले. त्यांच्या राज्य सरकारने कागद पुढे केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. भारताचे नागरिक, भारताच्याच यंत्रणेने, दुसऱ्या देशात! त्यांच्या गावच्या पोलीस ठाण्याला आधी नीट विचारून उत्तराची वाट पाहिली असती तर हे टळलं नसतं का? संविधानाच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमात 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करायला राज्य बांधलेलं आहे. १९५५ चा निकाल आवडणाऱ्यांनी १९९६ चाही वाचावा, न्यायालय तेच आहे.

परका कोण हे गर्दीने ठरवलं की काय होतं, ते नाशिकने फेब्रुवारी २००८ मध्ये पाहिलंय. उत्तर भारतीयांवर हल्ले सुरू झाले आणि हजारो कामगार बोचकी घेऊन नाशिकरोड स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत माणसं मिळेनात. त्या कामगारांत परदेशी कोणी नव्हता, सगळे नागरिक होते, बहुतेक हिंदू होते. त्यांच्याकडे कागद मागितलेच नव्हते, बोलीच पुरेशी ठरली होती. तेव्हा उत्तर प्रदेशाचा भय्या, आज बंगालचा मियाँ. उद्या सुरतेत किंवा बंगळुरात मराठी माणसावर ही पाळी येणार नाही, याची हमी कोण देतो?

माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. हा विषय निघाला की आमचे पुरोगामी मित्र नाशिकच्या मोठ्या मनाच्या गोष्टी सांगतात. गोष्टी खऱ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या शरणपुरात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहिली, शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन याच्या शवाबरोबर आफ्रिकेतून लंडनला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतल्या अंत्यविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा राहिला. फाळणीनंतर देवळालीच्या छावणीत सिंधी निर्वासित आले. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधून आपण स्वेटर घेतो. पण यातला कोणीही गुपचूप आलेला नव्हता. तिबेटी माणसाकडे सरकारने दिलेलं नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, त्याचं नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे या गोष्टींतून शिकायचं ते मोठं मन नव्हे, नोंद ठेवणारं सरकार. 'घुसखोर कोणी नाहीच' म्हणणारा माणूस समोरच्याला हातात कोलीत देतो आणि खऱ्या नागरिकाचा बचाव आणखी अवघड करतो.

नोंद ठेवणं सरकारचं काम, ती हरवल्याची शिक्षा माणसाला नको, हे ब्रिटनला फार उशिरा कळलं. १९६८ मध्ये केनियातून निघालेल्या भारतीय वंशाच्या, ब्रिटिश पासपोर्टधारक लोकांना रोखायला त्यांच्या संसदेने तीन दिवसांत कायदा केला. घाईत केलेल्या कायद्यांची ती सवय पन्नास वर्षं मुरली आणि २०१८ मध्ये बाहेर आलं, की कॅरिबियन बेटांतून कायदेशीरपणे येऊन आयुष्यभर कर भरलेली माणसं कागद नाही म्हणून नोकरीतून, दवाखान्यातून आणि काही तर देशातून बाहेर काढली जात होती. त्यांच्या आगमनाच्या नोंदींची कार्डं गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केलेली होती. गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) यादीतून २०१९ मध्ये १९ लाखांहून अधिक माणसं वगळली गेली, त्यांत हिंदूही पुष्कळ होते, आणि ती यादी ज्यांनी मागितली होती त्यांनाच ती पटली नाही. राजीनामा कोणी दिल्याचं ऐकिवात नाही.

हा प्रश्न नाशिकच्या दारात लवकरच येणार आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट, पूल, रस्ते, साधुग्राम यांची कामं निघालीत. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले बंगाल, बिहार, झारखंडातून येणार, कारण इतकी माणसं जिल्ह्यात नाहीत. पोलीस पडताळणी करणार, करायलाच हवी. पण ती रात्री दोन वाजता पत्र्याच्या खोल्यांवर धाड टाकून करायची, की आधी वही भरून? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ सालचा आहे, आता तो नव्या श्रमसंहितेत सामावलाय. बाहेरच्या राज्यातून माणसं आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, त्यांची नोंद ठेवावी, प्रत्येकाला फोटो लावलेलं पासबुक द्यावं, असं त्यात सांगितलं होतं. ठेकेदारांनी ते केलं नाही आणि कामगार खात्याने विचारलं नाही. आता महापालिकेने निविदेतच अट घालावी: माणूस साइटवर आल्याबरोबर नोंद, त्याच्या जिल्ह्याकडून पडताळणी ठेकेदाराच्या खर्चाने, ती झाल्याशिवाय बिल निघणार नाही. ज्याच्यावर संशय येईल त्याला त्याच्या भाषेत, संशयाचं कारण लिहिलेली नोटीस आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील. यासाठी दिल्लीत कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही, आयुक्तांची सही पुरते.